धागा: पार्टीत चोर हवा का? जुने टर्न-बेस्ड आरपीजी, क्लास आणि मारामारी

रेशीमबाग रेंजर
सोमवार, रात्री ९:४०

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं काम नाही, म्हणून आम्ही चार-पाच जणांनी एक उन्हाळी उद्योग काढला आहे. सगळ्यांनी ‘पूल ऑफ रेडियन्स’ (टर्न-बेस्ड आरपीजी, म्हणजे पात्रं घेऊन खेळायचा आणि लढाईत पाळीपाळीने चाल करायचा कॉम्प्युटर गेम) एकदमच सुरू करायचा, आपापली पार्टी (म्हणजे आपल्या पात्रांची टोळी) इथे टाकायची आणि नवतपा संपेपर्यंत कोण कुठवर जातो ते बघायचं. गेम १९८८ चा, एसएसआय कंपनीचा, ‘गोल्ड बॉक्स’ मालिकेतला पहिला. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारं सॉफ्टवेअर) कुठल्याही खटारा लॅपटॉपवर चालतो, जीओजी या साइटवर विकत मिळतो.

पण पार्टी बनवतानाच गाडी अडली. जागा सहा, आणि शंकरनगरला चहाच्या टपरीवर भांडण लागलं ते चोरावरून. घ्यायचा की नाही? तिथे निकाल लागला नाही, म्हणून इथे आणतो आहे.

ज्यांनी हे जुने गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर कागद-फासे घेऊन खेळायचा खेळ, ‘पूल’चे नियम त्यावरूनच घेतलेले. तो १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला तेव्हा क्लास (पात्राचा पेशा) तीनच होते: लढणारा (फायटर), जादूगार (मॅजिक-यूजर) आणि क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी). चोर आला पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. म्हणजे चोराशिवाय पार्टी हा आमच्या बर्डीवाल्या भाऊचा शोध नाही, मूळ खेळच तसा होता. कॉम्प्युटरवर पार्टीचं हे गणित पक्कं बसवलं ते ‘विझर्ड्री’ने, १९८१ मध्ये, ॲपल टू कॉम्प्युटरवर. सहा जण, तीन पुढे, तीन मागे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गेममध्ये क्लास दोनच गोष्टी ठरवतो: तू कुठे उभा राहशील, आणि तुझा टर्न आला की काय करशील. शूर नायक, त्याचं दुःखी बालपण वगैरे ज्याने त्याने आपल्या डोक्यात बनवायचं. गेम त्यात पडत नाही. खरं पात्र म्हणजे अख्खी पार्टी. म्हणून ‘सगळ्यात भारी क्लास कोणता’ हा प्रश्न मला इथे बिनकामाचा वाटतो. पहिल्या लेव्हलचा मॅजिक-यूजर घ्या. हिट पॉइंटसाठी (किती मार सोसेल तो आकडा) चार बाजूंचा फासा, चिलखत घालायची सोय नाही, एक स्पेल (मंत्र) टाकला की विश्रांती घेऊन पुन्हा पाठ करेपर्यंत हात रिकामे. एकट्याला गल्लीत सोडलं तर पहिल्याच कोबोल्डच्या हातून मरेल. पण त्याच्यापुढे दोन फायटर उभे करा आणि तो एक स्पेल ‘स्लीप’ असू द्या. पंधरा गॉब्लिनची टोळी एका टर्नमध्ये आडवी होते, आणि झोपलेल्याला एका घावात संपवता येतं. आता सांगा, ती लढाई कोणी जिंकली?

माझी पार्टी: दोन मानव फायटर, एक ड्वार्फ फायटर-थीफ, दोन क्लेरिक, एक एल्फ मॅजिक-यूजर. (ड्वार्फ, एल्फ हे वंश; थीफ म्हणजे चोर, फायटर-थीफ म्हणजे दोन्ही क्लास एकाच पात्रात, मल्टी-क्लास.) हाणा.

बर्डीचा बार्बेरियन
सोमवार, रात्री १०:०५

का बे रेंजर, चहाचे पैसे मी दिले ते नाही लिहिलं तू.

माझं म्हणणं सोपं आहे. चोर पाहिजे कायले? ‘पूल’मध्ये कुलपं किती, सापळे किती? दरवाजा बंद दिसला तर माझावाला फायटर लाथ मारून तोडते. नाही तुटला तर मॅजिक-यूजरजवळ दार उघडायचा ‘नॉक’ स्पेल आहे. मग अख्खी एक जागा त्या पोट्ट्याले कशाले द्यायची? सहा बाजूंचा फासा त्याचा, अंगात चामड्याचं जाकीट, आणि लढाई लागली की सगळ्यात आधी हाच झोपून राहते.

मी तीन फायटर घेऊन राहिलो, दोन क्लेरिक, एक मॅजिक-यूजर. सगळे मानव. ताकद, बुद्धी, चपळाई, आकडे सगळे अठरा. विषय खतम.

खसताटी
सोमवार, रात्री १०:५०

वाचतेय. छान धागा.

चोराबद्दल बोलायचं तर गेम कोणता ते आधी ठरवा. मी ‘विझर्ड्री’वाली. तिथे लढाई जिंकली की पेटी मिळते आणि पेटीला सापळा असतो. प्रीस्टचा (तिथला क्लेरिक) ‘काल्फो’ स्पेल सापळा कोणता ते सांगतो, पण तो काढायला हात चोराचाच लागतो. विषारी सुई असेल तर एकाचं नुकसान. टेलिपोर्टर असेल तर अख्खी पार्टी त्या मजल्यावर भलत्याच ठिकाणी, नकाशा चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काढलेला, आणि आपण त्या कागदावर कुठे आहोत याचा पत्ता नाही. एकेक मजला वीस गुणिले वीस घरांचा, असे दहा मजले.

आणि तरीही लढाईत हा चोर करतो काय? काहीही नाही. मागच्या तिघांना हत्यार चालवताच येत नाही. प्रत्येक फेरीत त्याला ‘पॅरी’ (नुसता बचाव) सांगायचं आणि पुढे जायचं. म्हणजे त्याचं सगळं मोल लढाई संपल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. मला ते आवडायचं. असाही एक माणूस घरात असतो.

चारचाळीस
मंगळवार, सकाळी ८:१५

नमस्कार मंडळी. मी नवा आहे, प्रतापनगरचा. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ खेळलो आणि मग हे जुने प्रकार बघायची हुक्की आली. काल ‘पूल’ सुरू केला. दोन गोष्टी डोक्यावरून गेल्या.

एक, माझे फायटर वार हुकवतात. म्हणजे सतत हुकवतात. समोर साधा ऑर्क उभा, हा आपला हवेत तलवार फिरवतो.

दोन, आर्मर क्लास १० वाईट आणि २ चांगला, हे कसं काय? आणि ‘थॅको’ काय भानगड आहे? कोणीतरी सोप्या मराठीत सांगा. रागावू नका.

शून्य एसी
मंगळवार, दुपारी १:३०

रागावत नाही, नाव बघ माझं. दुपारचा कूलर लावून बसलो आहे, सविस्तर सांगतो.

आर्मर क्लास, म्हणजे एसी, हा चिलखताचा आकडा, जितका कमी तितका चांगला. थॅको म्हणजे एसी शून्य असलेल्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवं तो आकडा. तुझा थॅको २० असेल आणि समोरच्याचा एसी ६, तर वीसमधून सहा वजा, १४ किंवा जास्त पडलं तर वार लागला. १४ ते २० म्हणजे सात आकडे, म्हणजे ३५ टक्के. तीन वारांत एक. त्यामुळे तुझा फायटर बिघडलेला नाही, पहिल्या लेव्हलला असंच असतं. लेव्हल वाढते तसा थॅको खाली येतो, आणि फायटरचा सगळ्यांत वेगाने खाली येतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये हेच गणित उलटं मांडलेलं आहे, कारण २००० साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने एसी चढता केला. तेव्हापासून मोठा एसी चांगला.

आता मजेची गोष्ट, जी लोकांच्या लक्षात येत नाही. हाच हिशेब राक्षसाच्या बाजूने कर. समज त्याचा थॅको १९. तुझा एसी १० असेल तर त्याला ९ पुरतात, ६० टक्के वार लागणार. चिलखत-ढाल घालून एसी २ केलास तर १७ हवेत, २० टक्के. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण २ वरून शून्यावर आलास की १९ लागतात, म्हणजे १० टक्के. दोनच अंक कमी झाले आणि मार निम्म्यावर आला! १० वरून ८ वर येताना तेच दोन अंक ६० चे ५० करतात, फरक जाणवतही नाही. चिलखताचे शेवटचे दोन अंक पहिल्या दोनांपेक्षा कितीतरी महाग असतात.

म्हणून पैसा सगळ्यांत सारखा वाटायचा नाही. पुढे उभ्या राहणाऱ्या दोघांना शक्य तितकं खाली न्यायचं, आणि मागच्यांना मार बसणारच नाही अशी जागा द्यायची. बार्बेरियन भाऊ चोराच्या चामड्याच्या जाकिटाला हसले, पण प्रश्न जाकिटाचा नाहीच. तो पुढे उभा का होता, हे विचारा.

चारचाळीस
मंगळवार, दुपारी २:१०

बापरे. हे मॅन्युअलात वाचलं असतं तर झोपलो असतो, इथे नीट कळलं. धन्यवाद दादा.

पुणेरी पॅलाडिन
मंगळवार, रात्री ८:४५

पुण्याहून आगंतुक. धागा उत्तम, पण एक शंका. हे सगळं खरं असलं तरी टर्न-बेस्ड लढाई कंटाळवाणी होते हे कुणी बोलणार आहे की नाही? वीस कोबोल्ड एकामागून एक पावलं टाकत येताना बघायचे. प्रत्येकाची चाल, प्रत्येकाचा फासा. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ने ही गोष्ट सोडवली होती. सगळे एकदम चालतात, हवं तिथे स्पेस दाबून थांबवा, हुकूम द्या, पुढे चला. नियम तेच, मागे सहा सेकंदांच्या फेऱ्याही तशाच, पण वेळ वाचतो.

बर्डीचा बार्बेरियन
मंगळवार, रात्री ९:००

पुण्यात वेळ वाचवून करून काय राहिले तुम्ही? दुपारी तर दुकान बंद करून झोपता.

रेशीमबाग रेंजर
मंगळवार, रात्री ९:३५

बार्बेरियन, पाहुणे आहेत बे ते.

पॅलाडिनराव, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. गोल्ड बॉक्समध्ये गेमचा वेग वाढवता येतो, शिवाय ‘क्विक’ दिलं की ते पात्र कॉम्प्युटर चालवतो. हातात परत घ्यायचं असेल तर स्पेस. किरकोळ मारामारी मी तशीच उरकतो.

पण थांबवत-थांबवत खेळताना नेमकी ती गोष्ट हरवते जिच्यासाठी मी हे गेम खेळतो. ‘पूल’मध्ये कोणी स्पेल टाकायला घेतला आणि तो पूर्ण व्हायच्या आत त्याला वार लागला तर स्पेल गेला, वाया. त्यामुळे समोर शत्रूचा जादूगार दिसला की आपला बाण आधी की त्याचं मंत्र पुटपुटणं आधी, हा एकच प्रश्न उरतो. तिरंदाज एका टर्नमध्ये दोन बाण सोडतो, पण शेजारच्या घरात शत्रू येऊन भिडला की धनुष्य बंद. म्हणजे माझ्या तिरंदाजाला कोणी भिडू नये म्हणून दुसऱ्या कोणीतरी मध्ये उभं राहायचं. हे सगळं मला बघायचं असतं, घराघराने, टर्न-टर्नने. सगळे एकदम धावले की मला फक्त गर्दी दिसते. फायरबॉल टाकला आणि त्यात आपलेच दोघे भाजले, हे लढाई संपल्यावर कळतं.

आणि बघा ना, फिरून लोक इथेच आले. २००३ मध्ये ‘टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ टर्न-बेस्ड. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’चा दुसरा भाग २०१८ मध्ये तुमच्या पद्धतीने आला आणि २०१९ मध्ये त्यात टर्न-बेस्ड मोड घालावा लागला. ‘बाल्डर्स गेट’च्या नावाचाच तिसरा भाग टर्न-बेस्ड निघाला.

खसताटी
मंगळवार, रात्री ११:२०

टर्न-बेस्ड म्हणजे एकच प्रकार असं धरून दोघेही बोलताय. त्यात दोन घराणी आहेत, आणि क्लासची किंमत दोन्हींत वेगळी लागते.

रेंजर सांगतोय ते गोल्ड बॉक्स घराणं. पट मांडलेला, ज्याचा टर्न आला तो आपली चाल करतो, मग दुसरा. आपण दर वेळी ताजी परिस्थिती बघून ठरवतो.

‘विझर्ड्री’ आणि १९८५ चा ‘बार्ड्स टेल’ यांचं तसं नाही. तिथे फेरी सुरू व्हायच्या आधीच सहाही जणांचे हुकूम देऊन टाकायचे. हा मारेल, ही तिसऱ्याला बरं करेल, हा झोपेचा ‘काटिनो’ टाकेल. मग एंटर. आणि मग सगळं आपापल्या चपळाईप्रमाणे घडत जातं, आपल्या हातात काही नाही. ज्याला बरं करायला सांगितलं तो प्रीस्टच्या आधीच मरतो. ज्या टोळीवर मोठा स्पेल राखून ठेवला ती फायटरांनी आधीच संपवलेली असते. किंवा उलट, समोरच्या जादूगारांची फळी आपल्या आधी बोलते आणि पुढचे तिघे एकदम पडतात.

म्हणून त्या गेममध्ये मला प्रीस्ट हा सगळ्यात अवघड क्लास वाटतो. फायटरचा हुकूम कधी वाया जात नाही, कोणीतरी मरतंच. प्रीस्टला मात्र पुढच्या फेरीत कोण जखमी होणार ते आत्ता ओळखावं लागतं. जखम भरणारा ‘डिओस’ कोणावर टाकायचा हे ठरवताना मी जितका वेळ घालवलाय तितका मुलांच्या शाळा निवडतानाही घातला नसेल.

आणि चुकलं तर? ‘विझर्ड्री’ सगळं ताबडतोब डिस्कवर लिहून टाकते. मागचा सेव्ह उघडून पुन्हा लढा, हा प्रकार नाही. मेलेल्याला देवळात न्यायचं, पैसे मोजायचे, पुजाऱ्याला जमलं तर उठतो. नाही जमलं तर राख होते. राखेवर पुन्हा पैसे, पुन्हा प्रयत्न, तोही फसला तर पात्र यादीतूनच गेलं, कायमचं. अख्खी पार्टी खाली मेली तर प्रेतं तिथेच पडून राहतात आणि त्यांना आणायला दुसरी पार्टी तयार करून पाठवावी लागते. त्यामुळे तिथे ‘लॉर्ड’ नाही तर ‘निंजा’ बनवायला महिनोन्‌महिने घालवणारी माणसं वेडी नव्हती. ते क्लास दुर्मीळ होते, कारण आकडे तितके चांगले लागायचे आणि स्वभावही जुळावा लागायचा, लॉर्ड सज्जनच, निंजा दुष्टच. क्लास बदलला तर लेव्हल परत एक, आकडे वंशाच्या किमान पातळीवर, वयही वाढतं, फक्त शिकलेले स्पेल राहतात. हे सगळं सोसून केलेला लॉर्ड पाचव्या मजल्यावर राख झाला की माणूस जेवत नाही.

नवीन लोकांनी २०२४ ची डिजिटल एक्लिप्सची आवृत्ती घ्यावी. आत मूळ ॲपल टूचाच प्रोग्राम चालतो, कोपऱ्यात जुना पडदाही दिसतो, आणि जाच कमी करायचे पर्याय दिलेत.

शून्य एसी
बुधवार, सकाळी ७:५०

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा. +१००

पुणेरी पॅलाडिन
बुधवार, सकाळी ९:३०

अनुमोदन. राखेचा भाग वाचून मी ‘विझर्ड्री’च्या वाटेला जाणार नाही हे नक्की झालं, पण वाचायला मजा आली. टर्न-बेस्डबद्दल मत बदललेलं नाही.

रेशीमबाग रेंजर
बुधवार, रात्री १०:१५

ठरल्याप्रमाणे माझा पहिला वृत्तान्त. फ्लॅन शहराची झोपडपट्टी साफ करायचं काम कौन्सिलने दिलं आहे. आत शिरल्यावर एका खोलीत गॉब्लिन आणि ऑर्कची भली मोठी टोळी समोर आली. मोकळ्या खोलीत उभं राहिलो असतो तर चारी बाजूंनी वेढलं असतं, एकेका फायटरवर तिघे-चौघे. म्हणून पहिल्याच टर्नला सगळे मागे, दरवाजाकडे.

लहानपणी आट्यापाट्या खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाटी धरणाऱ्याने आपली पाटी सोडायची नाही, समोरचा कितीही झुलवू दे. दोन फायटर दाराच्या तोंडाशी उभे केले, ‘गार्ड’ दिलं आणि हललो नाही. गार्डवर असलेल्याच्या शेजारी शत्रू येताच त्याला आधी वार बसतो. आले तसे खात गेले.

आता गंमत बघा. माझा मोठा फायटर तिसऱ्या लेव्हलला पोचला आहे. गॉब्लिन एका हिट डायसपेक्षा (शत्रूचा दम मोजायचा आकडा) कमी असल्यामुळे त्यांच्यावर फायटरला एका टर्नमध्ये लेव्हलइतके वार मिळतात, गेम त्याला ‘स्वीप’ म्हणतो. तिघे शेजारी उभे होते, तिघेही गेले. ऑर्कवर हे चालत नाही, त्याचा हिट डायस पूर्ण एक. म्हणजे दारात उभा असलेला तोच फायटर, तोच टर्न, समोर कोण आहे त्यावर तीन माणसांचं काम करतो किंवा एकाचं. त्यामुळे स्लीप कोणावर टाकायचा याचा निर्णय आपोआप झाला: गॉब्लिन फायटरांना सोडायचे, एल्फने ऑर्क झोपवायचे. एल्फने झोपवले सात. क्लेरिक मागून गोफण चालवत होते, त्यांचं काही विशेष सांगण्यासारखं नाही.

राहिला चोर. ड्वार्फ. त्याने काय केलं ते बार्बेरियनने नीट वाचावं. दोन ऑर्क जागे राहिले होते आणि त्यातला एक माझ्या दुसऱ्या फायटरशी भिडला होता. ड्वार्फ भिंतीकडून वळसा घालून त्या ऑर्कच्या बरोबर मागच्या घरात गेला, म्हणजे एका बाजूला फायटर, विरुद्ध बाजूला हा. बॅकस्टॅब, म्हणजे पाठीत वार. चौथ्या लेव्हलपर्यंत दुप्पट मार, पाचव्यापासून तिप्पट, नवव्याला चौपट. ‘पूल’मध्ये चोराला नववी लेव्हल गाठता येते. फायटर आठला थांबतो, क्लेरिक आणि मॅजिक-यूजर सहाला.

आता याच्यातून फायटर काढून घ्या, मग बघा बॅकस्टॅब होतो का. ऑर्कला समोरून अडवणारा पाहिजेच. चोर निरुपयोगी वाटतो कारण आपण त्याला एकटा मोजतो.

बर्डीचा बार्बेरियन
बुधवार, रात्री १०:४०

वाचलं. भारी मारला. पण तुझ्या त्या ऑर्कले माझ्या तिसऱ्या फायटरनं सरळ समोरूनच मारलं असतं ना बे! वळसा घालायले जे टर्न गेले तेवढ्यात माझे दोन वार झाले असते. आणि माझावाला कुठंही उभा केला तरी चालते, त्याले ‘बरोबर मागचं घर’ शोधत हिंडा नाही लागत.

शून्य एसी
बुधवार, रात्री ११:००

बार्बेरियन, तुझे सगळ्यांचे सगळे आकडे अठरा आहेत. तुझ्या तर स्वयंपाक्यानेही ऑर्क मारला असता.

बर्डीचा बार्बेरियन
बुधवार, रात्री ११:०५

गेमनंच दिलं ना ते! पार्टी बनवताना ‘मॉडिफाय’ म्हणून बटन आहे. मी काही हॅक नाही केलं.

खसताटी
बुधवार, रात्री ११:३०

ते बटन वेगळ्या कामासाठी होतं. ज्यांनी टेबलावर कागद-फासे घेऊन खेळताना एखादं पात्र वाढवलं आहे, त्यांना तेच पात्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर आणता यावं म्हणून. लोकांनी अठराचा रतीब लावला तो भाग वेगळा.

मला त्यात पाप वाटत नाही. पण सगळे अठरा केले की क्लासमधला फरकच पातळ होतो. मुळात क्लास कशासाठी? आकडे वाईट पडलेल्याचंही काहीतरी काम असावं म्हणून. ताकद कमी, बुद्धी जास्त, तर जादूकडे. बुद्धी कमी, शहाणपण जास्त, तर क्लेरिक. फाशाने दिलेल्या माणसांतून पार्टी जुळवणं हा अर्धा खेळ आहे, तो तुम्ही पहिल्याच पडद्यावर संपवून टाकला.

बर्डीचा बार्बेरियन
गुरुवार, सकाळी ८:२०

ताई तुम्ही म्हणता तर एक पार्टी बिना मॉडिफायची पण काढतो. जुनी नाही पुसणार पण.

चारचाळीस
गुरुवार, दुपारी ४:००

मी नव्याने सुरुवात करतो आहे. एक प्रश्न. हीच पार्टी पुढच्या भागांत नेता येते असं वाचलं. मग एल्फ-ड्वार्फ घ्यावे की सगळे मानव? आणि मल्टी-क्लास चांगला की एकच क्लास?

रेशीमबाग रेंजर
गुरुवार, रात्री ९:२०

नेता येते. ‘कर्स ऑफ द ॲझ्युअर बाँड्स’ १९८९, ‘सीक्रेट ऑफ द सिल्व्हर ब्लेड्स’ १९९०, ‘पूल्स ऑफ डार्कनेस’ १९९१. चारही भागांत तीच माणसं.

फक्त ‘पूल’ खेळणार असशील तर मल्टी-क्लास बिनधास्त घे. अनुभवाचे गुण दोन्ही क्लासांत वाटले जातात, पण इथे लेव्हलची मर्यादाच इतकी खाली आहे की फार मागे पडत नाहीस. पुढे जायचं असेल तर विचार करून. जुन्या नियमांत मानव सोडून बाकीच्यांना बहुतेक क्लासांत एका लेव्हलनंतर वाढच नाही. हाफ-एल्फ क्लेरिक पाचव्या लेव्हलला थांबतो, कायमचा. अपवाद चोराचा. ड्वार्फ असो की एल्फ, चोर म्हणून वाढायला त्यांना बंधन नाही. माझा ड्वार्फ पुढे फायटर म्हणून अडकेल पण चोर म्हणून वाढत राहील, हे मला माहीत आहे. पॅलाडिन आणि रेंजर ‘कर्स’पासून मिळतात, तेव्हा पुण्याचे पाहुणे आणि मी दोघेही सध्या आपापल्या नावाचा क्लास घेऊ शकत नाही.

पुणेरी पॅलाडिन
गुरुवार, रात्री ९:५०

अन्याय आहे.

चारचाळीस
शुक्रवार, दुपारी १२:४५

शेवटी ही ठरवली: मानव फायटर दोन, मानव क्लेरिक दोन, मानव मॅजिक-यूजर एक, ड्वार्फ फायटर-थीफ एक. मॉडिफाय नाही, फासे पडले तसे. मॅजिक-यूजरला तीन हिट पॉइंट आले आहेत. तीन. ठेवू की पुन्हा फासे टाकू?

शून्य एसी
शुक्रवार, दुपारी १:१५

ठेव. चिलखत नाही, त्यामुळे तीन काय आणि चार काय, पहिला वार लागला की तो खाली. तो लागू द्यायचा नाही एवढंच. दाराच्या आत, क्लेरिकच्याही मागे ठेव. आणि स्लीप संपल्यावर त्याला हात बांधून उभा करू नको, डार्ट घेऊन दे. एका टर्नमध्ये तीन फेकता येतात. स्वस्त आहेत, भरपूर घे, लढाई संपल्यावर सगळे परत मिळत नाहीत.

दुसरं, लेव्हल वाढवायला ट्रेनिंग हॉलमध्ये प्रत्येकी हजार सोन्याची नाणी लागतात. नाण्यांना वजन असतं. सगळा खजिना मॅजिक-यूजरच्या गळ्यात घातलास तर तो दरवाजापर्यंत पोचायच्या आत टर्न संपेल. रत्नं आणि दागिने हलके असतात, ते त्याच्याकडे दे, नाणी फायटरकडे.

बर्डीचा बार्बेरियन
शुक्रवार, दुपारी १:४०

बिना मॉडिफायवाली पार्टी काढली. एका फायटरची ताकद नऊ आली, चपळाई सतरा. आता याचं काय करू?

खसताटी
शुक्रवार, दुपारी २:०५

चोर करा.